गांधार चौदा सेंटनं खाली

सासूबाई दासरपदं काळी चारमध्ये म्हणतात. परवा मुलानं सिंथेसायझरवर पेटीचा आवाज लावून साथ धरली, तर दुसऱ्याच ओळीला थांबल्या. "श्रुती सरी इल्ल," म्हणाल्या आणि वही मिटली. मला वाटलं, वयाचा हट्ट.

पण कान त्यांचाच खरा! यंत्रात सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक १०० सेंटचा. म्हणून गांधार ४०० वर. तंबोऱ्यातून ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. (अशाच आक्षेपांपायी आकाशवाणीनं १९४० साली पेटी बंद केली होती.) आमच्या कीबोर्डात 'स्केल ट्यून'ची सोय निघाली. गांधार म्हणजे पांढरी एक १४ सेंटनं उतरवली, धैवताची पांढरी चार १६ नं, निषादाची पांढरी पाच १२ नं. षड्ज बदलला की हा सगळा खटाटोप पुन्हा, हे मात्र ध्यानात ठेवा.

मींडेसाठी पिच बेंडचं चाक असतं. ते दोन अर्धस्वरांवर लावलेलं होतं. चिरंजीवांनी हौसेनं बारावर नेलं. बोट जरा हललं की सूर कुठच्या कुठे! मुकाट्यानं परत दोनवर आणलं.

सासूबाईंनी वही उघडली, अख्खं पद म्हटलं. मग नातवाला म्हणाल्या, "ते चाक मात्र मुट्टबेड."