वांकडे दांत व तारांचा उपचार

संस्कृतांत दांतांना द्विज असें नांव आहे. एकदां येऊन पडतात व पुन्हां येतात म्हणून ते द्विज. अंड्यांतून दुसरा जन्म घेणारा पक्षी द्विज, आणि मौंजीनें दुसरा जन्म पावणारा ब्राह्मणही द्विजच. हा श्लेष मीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितला व मुलें दर वर्षीं हंसलीं. त्यांतील एखादी मुलगी हंसतांना तोंडावर हात धरी, तिकडे मात्र माझें लक्ष कधीं गेलें नाहीं. माझ्या नातीनें तेंच करावयास आरंभ केला, तेव्हां गेलें.

तिचे वरचे पुढील दांत बाहेर आलेले व खालचे एकमेकांवर चढलेले. घरांत विचारविनिमय झाला. तिची आजी म्हणाली, देवानें दिले तसे असूं द्यावे. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, उद्यां मुलगी दाखवावी लागेल, आतांच सरळ करून घ्या. मला दोन्ही मतें पटलीं नाहींत. वराकडील मंडळींच्या डोळ्यांसाठीं मुलीच्या तोंडांत दोन वर्षें तार घालणें हा तिचा अपमान आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. उपचार करावयाचा तो निराळ्या कारणांसाठीं. दाटीनें उगवलेल्या दांतांच्या सांदींत ब्रश नीट पोंचत नाहीं. तेथें कीड लागण्याचा व हिरड्या सुजण्याचा संभव वाढतो. पुढें आलेला दांत एखाद्या पडण्यांत सहज तुटतो. मूल मोकळेपणीं हंसावयास लाजत असेल, तर तेंही कारण लहान नव्हे. यांतलें कांहींच नसून एखादा दांत किंचित् तिरपा असेल, तर तो खुशाल तसाच राहूं द्यावा.

मला स्वतःला आणखी एक लोभ होता. त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य वर्ण. दांत सुधारले कीं नातीचा सकारही सुधारेल, असा मीं हिशेब केला. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, कांहीं मुलांच्या बाबतींत तसें होतें, परंतु उच्चार हा पुष्कळसा जिभेच्या संवयीचा असतो व तारेवर त्याची हमी देतां येत नाहीं. गुरुजी गप्प बसले!

नवीन जालन्याहून छत्रपति संभाजीनगर सुमारें ६० किलोमीटर. तेथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेंच खासगी तज्ज्ञांकडेही, हा उपचार होतो. सरकारी ठिकाणीं खर्च बराच कमी, पण रांगेंत बसण्याची तयारी हवी. कोठेंही गेलें तरी एवढें विचारून घ्यावें कीं, डॉक्टरांनीं पदवीनंतर दंतव्यंगोपचाराचा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे काय. मूल सात वर्षांचें झालें कीं एकदां दाखवून ठेवणें उत्तम. अंगठा चोखणें, तोंडानें श्वास घेणें या गोष्टी त्याच वेळीं लक्षांत येतात. तारा बहुधा ११ ते १४ या वयांत लावतात. मोठेपणींही लावतां येतात.

पहिल्या भेटींत जबड्याचे ठसे व क्ष-किरण चित्रें घेतलीं. दुसऱ्या भेटींत डॉक्टरांनीं चार उपदाढा काढाव्या लागतील असें सांगितलें आणि घरांत पुन्हां वादळ उठलें. निरोगी दांत उपटावयाचे! हा वाद शास्त्रांतही झालेला आहे. अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यानें १८९९ सालीं दांतांच्या जुळणीचें वर्गीकरण बसविलें. तें अद्याप चालतें. परंतु दांत मुळींच काढूं नयेत, असा त्याचा आग्रह होता. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड. पूर्वीं न काढतां सरळ केलेले दांत पुन्हां बिघडलेले पाहून त्यानें त्याच रुग्णांच्या उपदाढा काढून पुन्हां उपचार केले व १९४० च्या सुमारास ते गुरुमताविरुद्ध मांडले. आज प्रत्येक जबडा मोजून ठरवितात. पुष्कळांना दांत काढावेही लागत नाहींत.

दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तारेचा दाब ज्या बाजूस पडतो तेथील हाड हळूहळू झिजतें व मागील बाजूस नवें हाड भरतें. अशा रीतीनें महिन्यास सुमारें एक मिलिमीटर दांत सरकतो. म्हणूनच दीड ते दोन वर्षें लागतात व दर चार ते सहा आठवड्यांनीं जावें लागतें. घाई करून दाब वाढविल्यास दांताचें मूळ आंखूड होण्याचें भय असतें.

पहिले तीन-चार दिवस दांत ठणकतात. वरण-भात, खिचडी, शिरा यांवर भागवावें. गालास तार घांसून फोड आल्यास डॉक्टर मेण देतात, तें तारेवर दाबून बसवावें. चिक्की, ऊस, डिंकाचे लाडू व सुपारी वर्ज्य. पेरू कापून खावा, कणसाचे दाणे सोडवून खावे. आम्हां जालनेकरांची मोसंबी सुटत नाहीं, एवढें समाधान. मात्र नंतर चूळ भरावी. हळदीनें रबराचीं पांढरीं कडीं पिवळीं होतात, त्याचा घोर करूं नये. प्रत्येक जेवणानंतर ब्रश केला नाहीं, तर तार निघाल्यावर दांतांवर खडूसारखे पांढरे डाग राहतात.

आतां मुख्य गोष्ट. तार निघाली म्हणजे उपचार संपला, असें सर्वांस वाटतें. तसें नाहीं. सरकलेले दांत जुन्या जागेकडे परतूं पाहतात, त्यांना धरून ठेवण्यासाठीं रिटेनर द्यावा लागतो. आरंभीं बहुतेक दिवसभर, पुढें कित्येक वर्षें रात्रीं. पूर्वीं माझ्या पुतण्याच्या मुलाचे दांत फार सुरेख झाले होते. महाविद्यालयांत जातांना त्यानें विचारलें, 'आजोबा, हें आतां हवें का?' मींच म्हणालों, दांत सरळ झाले, आतां तें लोढणें कशाला? दीड वर्षानें तो सुटींत आला, तेव्हां खालचे दोन दांत पुन्हां एकमेकांवर चढले होते. तो मला कांहीं बोलला नाहीं.

नातीची तार निघून आतां आठ महिने झाले. रिटेनरची निळी डबी देवघराशेजारच्या फळीवर असते. देवानें दिले तसे असूं द्या म्हणणारी तिची आजीच रोज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं विचारते, "घातलेंस का ग?"