पाना आपल्या हातात घ्या!

बारामती-इंदापूर रस्त्यावर पिंपळी हे गाव आहे. एका अंगाला बारामती शहर आणि तिथली एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. पिंपळी, लिमटेक, काटेवाडी या पट्ट्यातल्या वस्त्यांमधला भूमिहीन माणूस आज पोटासाठी या दोन टोकांच्या मधे धावतो आहे. कुणी कंपनीत कंत्राटी कामगार, कुणी बांधकामावर बिगारी, कुणी तीनचाकी टेम्पोवर भाडे मारणारा. या साऱ्यांचे पोट दोन किंवा तीन चाकांवर चालते. गाडी हप्त्याची किंवा कुणाकडून तरी घेतलेली जुनी. ती सकाळी किक मारून सुरू झाली नाही तर पाळी चुकते, खाडा पडतो. कंत्राटी कामगाराला खाड्याचा पगार कोण देणार?

आणि गाडी बंद का पडते? बहुतेक वेळा इंजिन बसलेले नसते. प्लगवर काजळी चढलेली असते, एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो, क्लचची वायर तुटलेली असते, बॅटरीचे टर्मिनल ढिले झालेले असते किंवा साधे पंक्चर असते. दहा मिनिटांचे काम. परंतु ते येत नाही म्हणून गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची, मिस्त्रीची वाट पाहत बाकावर बसायचे आणि तो सांगेल तो आकडा मुकाट मोजायचा. ज्याला काय बिघडले तेच कळत नाही, तो भाव काय करणार? अज्ञानाची किंमत गरीब माणूस रोख मोजतो. आमचा मुद्दा पन्नास-शंभर रुपये वाचवण्यापुरता नाही. ज्या वस्तूवर आपली रोजीरोटी उभी आहे, तिचे ज्ञान आपल्याकडे का नाही, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत वाहनाचे दोन प्रसंग नोंदवले आहेत. पहिला १९०१ सालचा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती अस्पृश्य आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने सोबत चालायचे असे ठरले, तेव्हा बैलगाडी मिळाली. दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही महारवाड्यात त्यांना नेण्यासाठी टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. तेव्हा वस्तीतल्याच एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक दगडाला आपटले, बाबासाहेब फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

या अपघाताला जबाबदार कोण? तो बांधव नव्हे. त्याच्या मनात आपल्या नेत्याचा सन्मान होता. जबाबदार आहे ती जातिव्यवस्था, जिने टांगेवाल्याला बॅरिस्टरपेक्षा उच्च ठरवले आणि आमच्या माणसाच्या हाती लगाम कधी येऊच दिला नाही. कौशल्य नाकारणे हे जातीचे जुने हत्यार आहे. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. कुणी कोणते हत्यार हातात धरायचे हे जन्माने ठरले. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती झाली, यंत्राला हात लावायची मुभा मात्र नव्हती.

म्हणूनच बाबासाहेबांनी यंत्रविद्येची मागणी सतत लावून धरली. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथे आपल्या तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. गांधीजी यंत्राकडे संशयाने पाहत होते तेव्हा दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे, असे बाबासाहेब ठणकावून सांगत होते. त्या बापाची लेकरे आज स्वतःच्या मोटारसायकलचा प्लग काढायला दुसऱ्याच्या दारात उभी राहतात, हे आपल्याला शोभते काय?

आमचेच काही शिकलेले बांधव म्हणतील, "बाबासाहेबांनी हलकी कामे सोडायला सांगितली आणि तुम्ही पोरांचे हात पुन्हा काळे करायला निघालात." हा गैरसमज आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती जातीने लादलेली, माणुसकी हिरावणारी कामे. आपल्या खुशीने शिकलेले कौशल्य आणि जन्माने मानेवर बसलेली सक्ती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑइलने काळे झालेले हात साबणाने धुता येतात. हाताने काम करणारा हलका, ही समजूत मनूची आहे. ती आपण का जोपासायची?

दुसरा आक्षेप असा, की मग गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय येईल. रस्त्याकडेच्या गॅरेजमधला मिस्त्री हादेखील बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी आहे, मग तो मुसलमान असो वा बहुजन. त्याच्याशी आपले भांडण नाही. इंजिन खोलायचे असेल, क्रँक काढायचा असेल, तर त्याच्याकडेच जावे आणि त्याच्या कौशल्याचे पूर्ण पैसे द्यावेत. पण काय बिघडले हे समजून जावे. जाणकार गिऱ्हाईक प्रामाणिक मिस्त्रीला नेहमीच आवडते.

मग नेमके काय शिकायचे? प्लग पाना, दोन-तीन मापांचे पाने, पक्कड, पेचकस, हवेचा पंप आणि ट्यूबलेस टायरसाठी पंक्चरचा संच, एवढे साहित्य पुरे. प्लग काढावा, साफ करावा आणि बसवताना आधी हातानेच फिरवावा, म्हणजे आटे जात नाहीत. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिले आहे त्याच दर्जाचे आणि तेवढेच घालावे. जुने ऑइल ओढ्यात किंवा विहिरीकाठी ओतू नये. चेन साफ करून वंगण द्यावे आणि तिचा ताण मॅन्युअलप्रमाणे ठेवावा, फार ढिली नको, फार कडक नको. ब्रेक आणि मागचा दिवा रोज निघण्यापूर्वी पाहावा. गळिताच्या हंगामात हा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. अशा वेळी बंद पडलेला दिवा आणि घासलेला ब्रेक माणसाचा जीव घेऊ शकतो.

काय करू नये तेही शिकले पाहिजे. टेम्पोचा सीएनजी संच, विजेवरच्या गाडीची मोठी बॅटरी, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची इंधनप्रणाली, डिस्क ब्रेकचे आतले काम याला हात घालू नये. गाडी वॉरंटीत असेल तर ठरलेल्या सर्व्हिस कंपनीच्या केंद्रातच कराव्यात. अर्धवट ज्ञान हेही अज्ञानच.

ज्ञान कोंडून ठेवण्याची खोड भांडवलदारांनाही आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. परंतु 'दुरुस्तीचा हक्क' हा शब्द देशात रुजला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केले. त्यात वाहने आहेत, शेतीची अवजारेही आहेत. विद्या मूठभरांनी दडवायची आणि बाकीच्यांनी तिची किंमत मोजत राहायचे, ही रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. पोथीच्या जागी मॅन्युअल आले, एवढाच फरक.

तेव्हा वस्तीने आता काय करावे? पिंपळीच नव्हे, गावोगावच्या बुद्धविहारांत रविवारची वंदना झाल्यावर दोन तास गाडी-दुरुस्तीचा वर्ग भरवावा. वस्तीत आयटीआय झालेला किंवा गॅरेजात राबणारा एखादा तरुण असतोच, त्याला गुरुजी करा. वर्गणीतून एक हत्यारांची पेटी घ्या, ती सर्वांची. मुलींना पहिल्या रांगेत बसवा. स्कूटी चालवणाऱ्या मुलीला रात्रीच्या रस्त्यावर कुणाची मदत मागावी लागू नये, हे आपले कर्तव्य आहे. आणि ज्या पोराचा हात यात बसेल, त्याला 'गॅरेजचा पोऱ्या' म्हणून आयुष्यभर पार्ट धूत ठेवू नका. त्याला आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात पाठवा. आरक्षणाच्या जागा आहेत, त्या रिकाम्या ठेवू नका. तिथून तो कंपनीत शिकाऊ उमेदवार होईल, उद्या स्वतःच्या गॅरेजचा मालक होईल. बारामतीच्या एमआयडीसीत पिआजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होतात, २०१२ पासून व्हेस्पाही बनते. आपल्या तालुक्यात बनणाऱ्या गाडीचे यंत्र आपल्याच मुलांना परके का असावे?

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते केवळ पदवीसाठी नव्हे. चाळीसगावला लगाम धरणाऱ्या त्या बांधवाकडे निष्ठा होती, शिक्षण नव्हते. आज शिकायला कुणी अडवू शकत नाही. निष्ठेच्या जोडीला कौशल्य आणणे आता आपल्या हातात आहे. जयंतीच्या मिरवणुकीत गाड्यांवर निळा झेंडा जरूर लावा, पण त्याच गाडीच्या डिकीत पाना असू द्या आणि तो चालवण्याची अक्कल आपल्या डोक्यात असू द्या.