डोंगा मोडीत काढण्याआधी : भोपाळच्या तलावावरून आल्यावर सुचलेलं



पोस्ट थोडी लांब आहे, पण ज्याच्या घरी डोंगा आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी. पुढच्या सभेत जुने लाकडी डोंगे मोडीत काढून सगळ्यांनी फायबरच्या नावा घ्यायच्या, असा विषय येणार आहे. त्याआधी माझं म्हणणं मांडतो.

जानेवारीत भाचीकडे भोपाळला गेलो होतो. तलावावरच्या माणसाला कुठंही नेलं तरी तो आधी तलावच बघणार. तिथला बडा तालाब म्हणजे आपल्या मामा तलावांचा आजोबाच. सुमारे 31 चौरस किलोमीटर पाणी. 11व्या शतकात राजा भोजाने बांध घालून तो केला असं परंपरेने सांगतात. 2011 साली त्याला भोजताल नाव मिळालं, पाण्यात राजाचा मोठा पुतळाही उभा राहिला.

किनाऱ्यावर नवेकोरे शिकारे दिसले. रंगीत छत, मऊ गाद्या. डिसेंबर 2025 मध्ये असे 20 शिकारे तिथं सोडले आहेत. घाट काश्मीरच्या दल सरोवरातला, अंग मात्र फायबरच्या जातीच्या मालाचं. लोक फोटो काढत होते, मीही काढला, खोटं कशाला बोलू! पण त्यांच्यापासून थोडं दूर, झुडपाजवळ, डांबर फासलेल्या दोन-तीन छोट्या नावा उलट्या पडल्या होत्या. एकीला पत्र्याचं ठिगळ. तिथं जाळं निवडत बसलेल्या काकांनी विचारलं, "कौन बिरादरी?" मी म्हटलं, ढीवर. ते हसले, "फिर तो घर के ही हो." चहा पाजला. नवी नाव का नाही केली, असं विचारल्यावर म्हणाले, "लकड़ी है तो मिस्त्री नहीं, मिस्त्री है तो लकड़ी नहीं."

हे वाक्य आपल्याकडं जसंच्या तसं लागू आहे.

आता गंमत बघा. सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोजतालावर क्रूझ आणि मोटरबोटी बंद केल्या. रामसर यादीतली पाणथळ जागा, शहराला पिण्याचं पाणी पुरवणारा तलाव, त्यात डिझेल नको, हे कारण. माझ्या मते निर्णय बरोबरच होता. म्हणजे हजार वर्षं फिरून गाडी पुन्हा वल्ह्यावर आली. मग ज्यांनी वल्हं कधी सोडलंच नाही, त्यांच्या नावेला त्या किनाऱ्यावर आधी मान मिळायला हवा होता की नाही? बाहेरचा घाट आणला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं असलेली नाव झुडपातच राहिली.

आणि हे कुठं, तर त्याच भोजाच्या तलावावर! 'युक्तिकल्पतरू' नावाचा एक संस्कृत ग्रंथ भोजाच्या नावावर आहे. त्यात नावा बांधायचं प्रकरण आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी 1912 साली भारतीय जहाजांच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यातून या ग्रंथाची ओळख दूरवर झाली. नावांचे प्रकार, लांबी-रुंदी, कोणतं लाकूड चालेल, कोणतं कोणात मिसळू नये, असं सगळं त्यात सांगितलंय. सर्वांत लहान नावेचं नाव 'क्षुद्रा'. माप 16 हात लांब, 4 हात रुंद, 4 हात उंच. हात दीड फुटाचा धरला तर 24 फूट लांब, 6 फूट रुंद. इथवर पटतं. पण 6 फूट उंच? पंडिताने माप लिहिताना जाळं ओढणाऱ्या कोणाला विचारलेलं दिसत नाही. समुद्रात जाणाऱ्या नावेला लोखंडी खिळे नकोत, चुंबकाचे खडक तिला ओढून घेतील, असंही त्यात आहे. चुंबकाचं सोडा, पण बिनखिळ्याची नाव खरी. कोकण-गोव्याकडं रापणीच्या होड्या काथ्याच्या दोरीने शिवायची रीत होती. शिवलेली फळी लाटेबरोबर थोडी वाकते, म्हणून टिकते.

आपल्या डोंग्याला तर ना खिळा, ना शिवण. अख्खं एक खोड. आमच्या आजोबांचा डोंगा आंब्याचा होता, बांधावरच्या झाडाचा. खोड ओलं असतानाच वाकसाने कोरायचं, वाळलं की हत्यार उड्या मारतं. बाजू किती पातळ झाली हे बोटाच्या पेराने ठोकून, आवाजावरून ओळखायचं. मग सावलीत हळूहळू वाळवायचा. उन्हाळ्यात काम नसलं की पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे तडकत नाही. हे कुठल्या ग्रंथात नाही. आमच्या आजोबांना लिहिताच येत नव्हतं.

फायबरला माझा विरोध नाही. नाव हलकी असते, दरवर्षी डांबर लावायची कटकट नाही, पोरांची पाठ वाचते. पण हिशेब नीट करा. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के अनुदान आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. आपण ढीवर भटक्या जमातीत, म्हणजे पुरुषाच्या नावावर 40च बसतं. उरलेले 60 टक्के कोण भरणार? नाव घरच्या बाईच्या नावाने घेतली तर फरक पडतो, याचा विचार सभेत व्हायलाच पाहिजे. त्याच योजनेत मच्छीमाराला अपघात विमा आहे, मृत्यू झाला तर 5 लाख. पण तो माणसाचा विमा झाला. पुरात डोंगा वाहून गेला तर त्याचा पुरावा काय? निदान संस्थेच्या रजिस्टरला तरी त्याची नोंद हवी. तीही आपल्याकडं नाही, आणि यात दोष सरकारचा नाही, आपला आहे.

आणखी एक. फुटका डोंगा शेवटी चुलीत जातो. फुटलं फायबर कुठं जातं? तलावाच्या काठावरच पडून राहील, दुसरं काय.

म्हणून माझं मत असं की ज्याला फायबर घ्यायचं त्याने घ्यावं, पण चांगले डोंगे मोडीत काढायचा ठराव करू नये. त्याऐवजी प्रत्येक डोंग्याला नंबर द्यावा, रजिस्टरला चढवावा. वन आगारातून नावेसाठी रास्त दराने लाकूड मिळावं, असं संस्थेने लेखी मागावं. आणि उद्या आपल्या तलावावर पर्यटनाची नाव आलीच, तर तिचं वल्हं आपल्या पोरांच्या हातात आणि घाट आपल्या डोंग्याचा, ही अट आधीच लिहून घ्यावी. नाहीतर आपणही एक दिवस झुडपाजवळ बसून दुसऱ्याचे फोटो बघू.

आपल्या भागात डोंगा कोरता येणारी म्हातारी माणसं माझ्या माहितीत आता दोनच उरली आहेत. एकाची नजर गेली आहे, पण पेराने ठोकून जाडी अजून सांगतात. सभेला येताना ज्याने त्याने आपल्या डोंग्याची लांबी, रुंदी, खोली, लाकूड आणि कोरणाऱ्याचं नाव कागदावर लिहून आणा. फूटपट्टी नसेल तर हाताने मोजा, चालेल.