अंथरूण शोधताना

"मला खाली काहीतरी अंथरून द्या. या पलंगात मी बुडते." अम्मी लेस्टरला आमच्याकडे आल्या, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी हे म्हणाल्या.

नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षे इंग्लंडमध्ये होतो. अम्मी सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. जन्मभर चिपळूणच्या घरात जमिनीवर, कापसाच्या गादीवर झोपलेल्या. भाड्याच्या घरातला स्प्रिंगचा पलंग त्यांच्या पाठीला मानवेना. पण आईला जमिनीवर झोपवायचे म्हणजे आम्हालाच कसेतरी वाटले. आल्यागेल्यांनी काय म्हणावे? म्हणून आम्ही "बघू, बघू" करत राहिलो. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर अम्मी पलंगाशेजारी रजई टाकून गालिच्यावर झोपलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी परतीच्या तिकिटाची चौकशी केली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

कापसाची गादी तिथे कुठे मिळणार? कुणीतरी सांगितले, जपानी लोकही जमिनीवरच झोपतात, त्यांचा 'फुतोन' घ्या. एका दुकानात फुतोन मिळालाही. घरी आणून खोके उघडले, तर आत लाकडी सांगाडा! दिवसा सोफा आणि रात्री पलंग. वरची गादी जाडजूड, आत बहुतेक फोम. अम्मींनी हात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर पलंगाचेच भावंड."

खरा उलगडा मुलाच्या शाळेच्या फाटकाशी झाला. त्याच्या वर्गातल्या एका मुलाची आई जपानी होती. आमची कथा ऐकून ती हसली. पाश्चात्त्य देशांत फुतोन या नावाने जे विकतात, ते बहुधा घडीचा सोफा असते, असे ती म्हणाली. जपानमध्ये फुतोन म्हणजे सगळा बिछाना. त्यातला खाली घालायचा तो 'शिकीबुतोन' आणि वर घ्यायचा तो 'काकेबुतोन'. 'शिकु' म्हणजे अंथरणे, 'काकेरु' म्हणजे वर घालणे. म्हणजे आपले अंथरूण-पांघरूणच की! एकाचा शिकीबुतोन साधारण 100 सेंटिमीटर रुंद आणि 200 ते 210 सेंटिमीटर लांब असतो. जुन्या पद्धतीच्या शिकीबुतोनात कापसाचे थर असतात, आणि कापूस सरकू नये म्हणून जागोजागी टाके घातलेले असतात. आम्ही तिला चिपळूणच्या गादीचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "मग तुम्ही शोधताय काय? हे तर तुमच्याच घरी आहे!"

शेवटी मागणीप्रमाणे कापूस भरून देणारा एक छोटा कारागीर सापडला. या वेळी आम्ही नावावर गेलो नाही. आत काय भरणार, जाडी किती, तिहेरी घडी होते का, खोळ काढून धुता येते का, हे सगळे आधी विचारले. अम्मी पहिल्याच रात्री फजरपर्यंत गाढ झोपल्या.

पण एक चूक झालीच. अंथरूण तसेच पसरून ठेवले. तीन आठवड्यांनी उचलले, तर खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके! अंगाचा ओलावा कापसात उतरतो आणि थंड जमिनीशी अडकून राहतो. जपानी घरात शिकीबुतोन 'तातामी' या गवती चटईवर घालतात, सकाळी उचलून 'ओशीइरे' नावाच्या भिंतीतल्या कपाटात ठेवतात आणि ऊन पडले की सज्जाच्या कठड्यावर वाळत घालतात. लाकडी जमीन असेल तर खाली पट्ट्यांची जाळी ठेवतात, तिला 'सुनोको' म्हणतात. आम्हीही पट्ट्या आणल्या आणि रोज सकाळी घडी घालू लागलो. खोली मोकळी झाली. दिवसा तिथेच अम्मींची जानमाज आणि मुलांचा अभ्यास. अम्मी पूर्ण सहा महिने राहिल्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठणे जड जाते. त्यांच्यासाठी तेच अंथरूण बुटक्या चौकीवर घालावे.

त्या बाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मनात राहिली. जपानमध्ये गादीचा कापूस दबला की ती टाकून देत नसत. कापूस काढून, पिंजून, थोडा नवा घालून पुन्हा भरत. याला 'उचिनाओशी' म्हणतात. पूर्वी तिथेही कापूस धनुष्याच्या तातीने पिंजत. हे ऐकताना आम्हाला आमच्या मोहल्ल्यात दर उन्हाळ्यात येणारे पिंजारी चाचा आठवले. खांद्यावर पिंजण आणि तातीचा तो टणत्कार! पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी या आपल्याच बिरादऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राची अंथरुणे भरली, आणि आपण ती देऊन फोम घेत सुटलो.

गावी परतल्यावर आमच्या घरीही जुन्या गाद्या काढून टाकायचे चालले होते. आम्ही त्या पिंजाऱ्याकडे नेल्या. आता पिंजण नाही, यंत्र आहे. पण कापूस तोच, अब्बांनी आणलेला. संध्याकाळी गादी फुगून घरी आली. अम्मींनी हात दाबून पाहिला आणि काही न बोलता आडव्या झाल्या.

तुमच्या घरी कुणी वडीलधारे "खाली अंथरून दे" म्हणत असतील, तर लोकांचा विचार करू नका. त्यांच्या पाठीला एकदा विचारा.