पहिल्या नागरिकत्वाचे काय?

परदेशी नागरिकत्व मिळवून देणाऱ्या दलालांच्या जाहिरातींत दोन गोष्टी हमखास आढळतात. एक खासगीपणा, दुसरी नवा आरंभ. कर चुकविणे, मालमत्ता दडविणे, धनकोंच्या व तपास यंत्रणांच्या हातून निसटणे, असले उघडेवाघडे शब्द तेथे येत नाहीत. अमुक इतके डॉलर मोजा, नवा पासपोर्ट घ्या आणि मागचे सारे मागे टाका, एवढाच तो सभ्य संदेश असतो. भांडवलशाहीने जमीन, पाणी आणि माणसाचे श्रम बाजारात मांडले त्याला युगे लोटली. आता राष्ट्राचे सदस्यत्वही तिने दुकानाच्या फळीवर ठेवले आहे आणि त्यावर किमतीची चिठ्ठीही लावली आहे.

ह्या व्यापाराचा आरंभ १९८४ साली कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स व नेव्हिस ह्या चिमुकल्या देशाने केला. साम्राज्यशाहीने साखरेसाठी पिळून टाकलेले ते बेट आदल्याच वर्षी स्वतंत्र झाले होते आणि तिजोरी रिकामी होती. डॉमिनिका, ग्रेनाडा, अँटिग्वा ही शेजारची बेटे पुढे त्याच वाटेने गेली. एकमेकांचे दर पाडून कोणाचेच भले होत नाही हे ध्यानात आल्यावर २०२४ मध्ये ह्या देशांनी आपसात करार करून किमान दर २ लाख डॉलर, म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास, ठरविला. उसाला किमान दर मिळावा म्हणून रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्याला मुक्त बाजाराचे पाठ देणारे अर्थपंडित ह्या किमान दराविषयी मात्र मौन पाळून आहेत. त्या बेटांना दोष देऊन भागणार नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. युरोपातील माल्टाही हाच व्यवहार करीत होता. नागरिकत्व ही खरेदी-विक्रीची वस्तू होऊ शकत नाही, असे युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला बजावले.

भारतीयाच्या बाबतीत 'दुसरे नागरिकत्व' हा शब्दप्रयोगच मुळात फसवा आहे. घटनेच्या ९व्या कलमानुसार आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची मुभा नाही. अर्थात त्यातूनही वाट काढलेली आहेच. २००५ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक अशा भारदस्त नावाचे एक कार्ड मिळते. ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही. पण आजन्म ये-जा करता येते, सदनिका घेता येते, पैसा गुंतविता येतो.

२०२४ ह्या एका वर्षात २,०६,३७८ जणांनी भारताचे नागरिकत्व सोडले, असे सरकारने संसदेत सांगितले. हा आकडा ऐकताच देशद्रोहाची ओरड करणाऱ्यांच्या कोरसात समाजवाद्यांनी सामील होण्याचे कारण नाही. ह्यांतील कितीतरी जण परदेशी रुग्णालयांत, कारखान्यांत, प्रयोगशाळांत राबून, जेथे घाम गाळला तेथले नागरिक झाले आहेत. श्रमिकाला देश बदलण्याचा अधिकार आहे. प्रश्न आहे तो जेथे एक दिवसही राबायचे नाही अशा देशाचा पासपोर्ट केवळ ढाल म्हणून विकत घेणाऱ्यांचा.

मेहुल चोक्सी ह्यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे, तरी त्यातील तारखांचा क्रम पुन्हा पाहण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना अँटिग्वाचे नागरिकत्व मिळाले. जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी भारत सोडला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेत त्यांच्यावर व त्यांचे भाचे नीरव मोदी ह्यांच्यावर आरोप असलेला तेरा हजार कोटींहून मोठा घोटाळा जगजाहीर झाला. मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयाने दिलेल्या दाखल्यात ह्या गृहस्थांविरुद्ध काहीही प्रतिकूल नव्हते, असा खुलासा अँटिग्वाने २०१८ मध्ये केला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना बेल्जियममध्ये अटक झाली आणि ऑक्टोबरात तेथील अँटवर्पच्या न्यायालयाने प्रत्यार्पणाच्या बाजूने कौल दिला. ह्या खटल्यात भारत सरकारने दिलेली हमी वाचनीय आहे: आर्थर रोड तुरुंगात माणशी किमान तीन चौरस मीटर जागा, झोपायला गादी, पिण्याचे स्वच्छ पाणी, वैद्यकीय सोय. आरोपीलाही माणसासारखे वागविले पाहिजे, ह्यात दुमत नाही. परंतु दिवाळी आटोपताच जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांना फडाकडेच्या कोपीत ह्यांपैकी एकाही गोष्टीची हमी आजवर कोणत्या सरकारने दिली?

मराठवाड्याला हा खेळ नवा नाही. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आले आणि तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, निजामाच्या खात्यातील दहा लाखांवर पौंड लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावे वळते झाले. तो पैसा रयतेच्या सारावसुलीतूनच उभा राहिलेला होता. त्याचा वाद २०१९ पर्यंत चालला आणि साडेतीन कोटी पौंड झालेली ती रक्कम निजामाचे वारस व भारत सरकार ह्यांच्याकडे गेली. सारा भरणाऱ्यांचे वारस त्या खटल्यात कोठेच नव्हते. निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून कराचीला पोहोचले. लातुरात वकिली केलेला रझाकारांचा सेनानी कासिम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात जाऊन राहिला. ह्या बड्या मंडळींना दुसरा देश मिळाला, नवा आरंभ मिळाला. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली ते शेतकरी मात्र येथेच होते, आणि पोलीस कारवाईनंतर सुडाच्या लाटेत ज्यांना किंमत मोजावी लागली ते गोरगरीब मुसलमानही येथलेच होते. ते कोठे जाणार? सुंदरलाल समितीने त्या हत्यांची नोंद केली. तो अहवाल सरकारने कित्येक दशके दडवून ठेवला. पळू शकणारे आणि न पळू शकणारे ह्यांच्यातील ही भिंत धर्माची नव्हती.

आता खासगीपणाचे पाहू. जालन्यातील एखाद्या खेड्याच्या रेशन दुकानात बाई धान्य घ्यायला जाते तेव्हा तिला प्रथम यंत्रावर बोट टेकवावे लागते. कोयत्याने आणि पाचटाने घासलेल्या बोटांचा ठसा कित्येकदा उमटत नाही. मग दुसरे बोट, मग तिसरे, मग 'उद्या या'. रोजगार हमीची मजुरी, निराधाराचे अनुदान, शेतकऱ्याचा सन्मान निधी, सर्वत्र तेच. स्वतःच्याच देशात आपण आपणच आहोत हे तिने दर महिन्याला सिद्ध करावयाचे.

२०१९ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आठवावी. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या पीककर्जाची दोन लाखांपर्यंत माफी, आधार प्रमाणीकरणानंतर. फेब्रुवारी २०२० पासून गावोगाव याद्या लागल्या. चावडीवर आणि बँकेच्या फलकावर. गावात कोण थकबाकीदार आहे हे आल्यागेल्याने उभ्याउभ्या वाचले. सोयरीक जुळविणाऱ्या पाहुण्यांनीही वाचले असेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने एक वेगळी यादी दिली. ती कोणत्याही फलकावर लागली नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज झाला तेव्हा बाहेर आली. योगायोग असा की तिचीही तारीख ३० सप्टेंबर २०१९ हीच होती. ५० बड्या हेतुपुरस्सर थकबाकीदारांची ६८,६०७ कोटी रुपयांची कर्जे बँकांनी हिशेबवहीतून निर्लेखित केली होती, आणि यादीच्या शिरोभागी चोक्सी ह्यांच्या गीतांजली जेम्सचे ५,४९२ कोटी रुपये होते. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे बँका सांगतात. तसे मानले तरी मोठ्या कर्जदारांची नावे उघड करण्यास रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षे का नकार देत होती, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१५ मध्ये आदेश का द्यावा लागला, हा प्रश्न उरतोच. खासगीपणा मिळविण्यासाठी ह्या वर्गाला अँटिग्वापर्यंत जाण्याची गरज नव्हती. तो त्याला घरबसल्या मिळत होता.

ह्या संदर्भात आपल्याच बाजूची एक चूक मान्य केली पाहिजे. खासगीपणा हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा चोचला आहे, भुकेल्याला त्याचे काय, असे म्हणणारे कार्यकर्ते थोडेथोडके नाहीत. हाच युक्तिवाद सरकारी पक्षाने सर्वोच्च न्यायालयात केला होता. गरिबाला हवे ते अन्न आणि निवारा, खासगीपणाचा बाऊ मूठभरांचा, असा त्याचा सूर होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो फेटाळला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. न्यायालयाला जे उमगले ते चळवळीला उमगू नये? कर्जाची यादी चावडीवर लागल्याने ज्याची मान खाली जाते, त्याच्याइतकी खासगीपणाची गरज कोणत्या हिरे व्यापाऱ्याला आहे?

कागदाचे तेच. चोक्सींच्या वर्गाला जुना कागद मागे टाकायचा असतो. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर २०२३ पासून सारा मराठवाडा नेमके उलटे करीत आहे. निजामकाळातील मोडी आणि उर्दू दप्तरांत पणजोबाच्या नावापुढे 'कुणबी' हा शब्द सापडतो का, ह्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीने दप्तरे धुंडाळली. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला. त्या मागणीच्या गुणावगुणांची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु एकरभर कोरडवाहूच्या धन्याला मुलाच्या शिक्षणासाठी शंभर वर्षांपूर्वीची नोंद उकरावी लागते, आणि ज्या पारध्याच्या पालाची कोणत्याच दप्तरात नोंद नाही त्याला उकरायलाही काही नसते, ही दोघांच्याही पहिल्या नागरिकत्वाची अवस्था आहे.

राहिला नवा आरंभ. महाराष्ट्राने पाहिलेला सर्वांत मोठा नवा आरंभ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झाला. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे लाखो माणसांनी जुनी ओळख टाकली. देश टाकला नाही, देणेही बुडविले नाही. उलट त्यांनाच भुर्दंड पडला: बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गेल्या त्या १९९० मध्ये कायदा बदलेपर्यंत परत मिळाल्या नाहीत.

कर्जातून मुक्त होऊन नव्याने सुरुवात करण्याची तरतूद तर भारताच्या कायद्यातच आहे, आणि ती फारच थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत कलम ८० पासून 'नवा आरंभ' ह्याच अर्थाच्या नावाचे एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,०००पर्यंत, कर्ज ३५,०००पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाने अर्ज करावा आणि पात्र कर्जातून मोकळे व्हावे, असे त्यात लिहिले आहे. ह्याच संहितेचा कंपन्यांविषयीचा भाग डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे आणि त्याखाली हजारो कोटींच्या कर्जांवर बँकांनी पाणी सोडले आहे. गरिबाचे प्रकरण मात्र अमलात आणणारी अधिसूचना निघालेलीच नाही. संसदेने संमत केलेला कायदा, राष्ट्रपतींची स्वाक्षरी झालेला, आणि तारखेवाचून पडलेला.

ऊसतोड मजुराचा हिशेब ह्याच्याशी ताडून पाहावा. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. ती आता अनेकदा लाखाच्या घरात जाते. पाऊस कमी झाला, फड लवकर संपला, बाई आजारी पडली, की उचल फिटत नाही आणि उरलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या नावे चढते. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्ज आपोआप रद्द ठरविले आहे. परंतु उचलीला वेठ म्हणावयाचे धाडस तहसील कचेरी सहसा करीत नाही. संहितेतील ३५,००० रुपयांची मर्यादाही उचलीपुढे तोकडी पडते. तेव्हा मागणी दुहेरी हवी: प्रकरण अमलात आणा आणि मर्यादा वाढवा. तिसरी जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाची: फिरत राहिलेल्या उचलीची प्रकरणे १९७६च्या कायद्याखाली तपासा.

ह्या मागण्यांसाठी मोर्चाची घाई नको. आधी नोंदी हव्यात. गाळप संपले की टोळ्या गावी परततात आणि मुकादमाच्या वहीत हिशेब होतो. त्या दिवसांत गावोगाव जाऊन प्रत्येक कोयत्याची उचल किती, फिटली किती, चढली किती, हे मजुराच्याच तोंडून उतरवून घ्यावे. ते कागद त्याच्याच संमतीने वापरावेत आणि त्याचे नाव कोणत्याही फलकावर लावू नये.