एक तारीख, सात पानं

आमच्या कॉलेजच्या फेस्टची वेबसाइट सात पानांची होती. चौघांनी पानं वाटून घेतली. पहिलं पान तयार झालं आणि त्याचा हेडर, मेन्यू, फूटर, नावनोंदणीची शेवटची तारीख, सगळं उरलेल्या सहा पानांवर कॉपी-पेस्ट. एका रात्रीत साइट रेडी!

मग तारीख २० वरून १८ झाली. सहा पानांवर बदलली, पथनाट्याच्या पानावर तशीच राहिली. १९ला बाहेरगावची एक टीम फॉर्म घेऊन आली. महिनाभर तालीम केलेली. ‘नोंदणी बंद झाली’ म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. मजकूर तपासायचं काम माझं होतं, त्यामुळे मला हात झटकता येत नाहीत. पण मला वाटतं, सातवं पान विसरणं ही नंतरची चूक. तारीख सात ठिकाणी लिहिली, ही पहिली.

यावरचा उपाय काही नवा नाही. पीएचपीत हेडरची एकच फाइल करून ती प्रत्येक पानात ‘इन्क्लूड’ करता येते. जेकिल, ह्यूगोसारखी टूल्स एकाच लेआउटवरून सगळी पानं बनवून देतात. तारखा, फी, संपर्क हे वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं आणि पानांनी ते तिथूनच घ्यायचं. सीएसएसही सामायिक ठेवली तर ब्राउझर ती एकदाच डाउनलोड करून पुढच्या पानांसाठी जपून ठेवतो. म्हणजे हॉस्टेलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवरही साइट पटकन उघडते.

फोल्डरची शिस्तही सोपी आहे. प्रत्येक पानाचं स्वतःचं फोल्डर आणि सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टींचं एक ‘कॉमन’ फोल्डर. पान ‘कॉमन’मधून घेईल, दुसऱ्या पानातून नाही. आणि ‘कॉमन’ला कुठल्याच पानाची माहिती नसेल.

पण म्हणून दिसेल ते ‘कॉमन’मध्ये कोंबायचं का? तर नाही. स्पर्धकांचा फॉर्म आणि स्वयंसेवकांचा फॉर्म आज सारखे दिसतात. उद्या एकात फी येईल, दुसऱ्यात टी-शर्टचा साइझ. दोन्ही एकाच फाइलमध्ये असतील तर ‘हे पान असेल तर हे, ते असेल तर ते’ अशा अटींचं जाळं होतं आणि एकाला हात लावला की दुसरा मोडतो. सामायिक कोड बिघडला तर सगळीकडेच बिघडतो. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून टाकलं, तर त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रोजेक्ट्सची कामं अडली होती.

त्यामुळे ‘दोन गोष्टी सारख्या दिसतात का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘एक बदलली तर दुसरी बदलायलाच हवी का?’ हे विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर एकत्र ठेवा, नाहीतर बिनधास्त वेगळं राहू द्या. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’मध्ये पुनरावृत्ती टाळा म्हणून सांगितलं, तेही कोडच्या ओळींपेक्षा माहितीबद्दल होतं. एका माहितीची एकच हक्काची जागा हवी.

आपल्याकडे प्रोजेक्टच्या व्हायवात स्क्रीन छान दिसली की काम भागतं. माझं म्हणणं आहे, परीक्षकांनी समोर बसवून एवढंच सांगावं, ‘मेन्यूतलं एक नाव बदलून दाखव.’ त्यासाठी किती फाइली उघडाव्या लागल्या, ते मोजावं आणि त्यावर मार्क द्यावेत.

आमच्या साइटवर तारीख आता एकाच फाइलमध्ये आहे. त्या टीमला मात्र त्याचा काही उपयोग नाही.