मोठे यंत्र नव्हे, नेमके यंत्र

सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या एका एकत्र कुटुंबात गेल्या वर्षी नातीचे लग्न झाले. अण्णांच्या थोरल्या भगिनी, सगळ्यांच्या अक्का, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे इचलकरंजीहून येऊ शकल्या नाहीत. त्यांना सोहळा घरबसल्या पाहता यावा म्हणून नातवाने पेढीवरचा जुना संगणक घरी आणला, त्यावर जेलीफिन हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवले आणि घरातील सारे चित्रण त्यात एकत्र ठेवले. अक्कांच्या टॅबवर चित्रफीत सुरू झाली खरी, पण मंगलाष्टकांपाशी चित्र थबकले. चार सेकंद हालचाल, सहा सेकंद स्तब्धता, असे पाऊण तास चालले. पाठवणीपर्यंत अक्का पोहोचल्याच नाहीत. “राहू दे रे बाळा, मी फोटोच बघते,” असे म्हणून त्यांनी टॅब बाजूला ठेवला.

नातू खट्टू झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका दुकानातून नव्या संगणकाचे अंदाजपत्रक घेऊन आला. रक्कम पाऊण लाखाच्या घरात होती. अण्णांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “पोती किती आहेत ते मोजलेस का? पोती मोजल्याशिवाय गाडी ठरवायची नसते.”

हा प्रश्न पेढीवरचा असला तरी घरगुती मीडिया सर्व्हरलाही तितकाच लागू पडतो.

सर्व्हरवरची चित्रफीत दोन रीतींनी समोरच्या पडद्यावर पोहोचते. पाहणाऱ्याचे उपकरण ती जशीच्या तशी उलगडू शकत असेल आणि मधली इंटरनेटची वाट पुरेशी रुंद असेल, तर सर्व्हर केवळ फाईल पुढे सरकवतो. या कामाला जुना संगणकही पुरतो. मात्र उपकरणाला ती मांडणी कळत नसेल, किंवा वाट अरुंद असेल, तर सर्व्हरला चित्रफीत उलगडून, लहान करून, नव्या मांडणीत बांधून पाठवावी लागते, आणि तीही पाहणाऱ्याच्या वेगाने. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. मूळ फाईलला त्यात धक्का लागत नाही. रूपांतर तेवढ्यापुरतेच असते.

लग्नाचे चित्रण फोर-के दर्जाचे होते. अशा एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात, आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर २० कोटींहून अधिक बिंदू होतात. चित्रण एचईव्हीसी या २०१३ साली प्रमाणित झालेल्या मांडणीत, दहा बिट रंगांत आणि सेकंदाला सुमारे ५० मेगाबिट वेगाचे होते. घरच्या इंटरनेटचा बाहेर पाठवण्याचा वेग मात्र २० मेगाबिट होता. त्यामुळे अक्कांसाठी रूपांतर अटळ होते. पेढीवरच्या संगणकात चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर होता. एच.२६४ या जुन्या मांडणीसाठी त्यात स्वतंत्र मंडल होते, पण एचईव्हीसी पूर्णपणे उलगडणारे मंडल नव्हते. परिणामी सारा भार प्रोसेसरच्या सामान्य गाभ्यांवर पडला आणि ते थकले.

मग पोती मोजणे सुरू झाले. कोणती चित्रफीत थेट जाते, कोणत्या चित्रफितीचे रूपांतर होते आणि ते कोणत्या कारणाने, हे जेलीफिनच्या व्यवस्थापन पानावर दिसते. नातवाने आठवडाभर त्याची वहीत नोंद ठेवली. दिवाणखान्यातील नवा टीव्ही सारे काही थेट दाखवत होता. व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडीवर उतरवलेले अण्णांच्या मुलांच्या लग्नांचे चित्रण ५७६ ओळींचे, म्हणजे अगदी हलके होते. त्याचे रूपांतर जुन्या संगणकालाही जड नव्हते. खरे ओझे दोनच ठिकाणी होते, इचलकरंजीचा टॅब आणि पुण्यात शिकणाऱ्या धाकट्या नातीचा मोबाईल. म्हणजे एका वेळी फार तर दोन रूपांतरे. इंटरनेटची वाटही तितक्यांनाच पुरेशी होती, कारण प्रत्येकी ८ मेगाबिटप्रमाणे दोघांचे १६ मेगाबिट होतात.

हा आकडा हाती आल्यावर अंदाजपत्रकातील दोष उघड झाला. त्यातील प्रोसेसर शक्तिशाली होता, पण त्याच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ हे अक्षर होते. इंटेलच्या अशा प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स चालू नसते, आणि चित्रफिती उलगडणारे व बांधणारे ‘क्विक सिंक’ हे मंडल त्या ग्राफिक्समध्येच असते. २०११ पासून इंटेल ते देत आली आहे. जोडीला सुचवलेले जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड एचईव्हीसी उलगडू शकते, पण नव्याने बांधणारा एन्कोडर त्यात नाही. म्हणजे अर्धे काम पुन्हा सामान्य गाभ्यांवर आले असते. पाऊण लाख खर्चूनही नेमके हवे ते अवजार घरात आले नसते.

अखेर निवड झाली ती इंटेल एन१०० प्रोसेसर असलेल्या छोट्या मिनी पीसीची. या प्रोसेसरला चारच गाभे आहेत, पण त्याचे क्विक सिंक दहा बिटांचे एचईव्हीसी उलगडते आणि हलक्या मांडणीत बांधूनही देते. फोर-केची एक-दोन रूपांतरे तो सहज पेलतो. पाहणारे अधिक असतील, तर अंगभूत ग्राफिक्स असलेला बाराव्या किंवा पुढच्या पिढीचा आय-३ अथवा आय-५ घेणे योग्य ठरते. जुना संगणक घ्यायचा असेल, तर तो किमान सातव्या पिढीचा असावा, कारण सहाव्या पिढीचे मंडल दहा बिटांच्या एचईव्हीसीसाठी पुरे पडत नाही. रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक इतर कामांना उत्तम आहे, परंतु त्यात एच.२६४ बांधणारे मंडलच नसल्याने या कामासाठी तो घेऊ नये.

सर्व्हर चोवीस तास चालतो, म्हणून विजेचाही हिशेब मांडावा लागतो. सतत ६० वॉट घेणारे यंत्र वर्षाला सुमारे ५२६ युनिट वापरते, तर १० वॉटचे यंत्र सुमारे ८८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाकाठी चार हजारांहून अधिक रुपयांचा फरक पडतो. हा खर्च अंदाजपत्रकात कधीच लिहिलेला नसतो.

उरलेल्या वस्तूंत उधळपट्टीचे कारण नाही. स्मृती ८ जीबी पुरते. कार्यप्रणाली आणि तात्पुरत्या रूपांतरित फाईल यांसाठी लहान एसएसडी असावी, पण चित्रफितींसाठी साधी हार्ड डिस्क चालते. ५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वासहा मेगाबाइट, आणि साधी डिस्कही त्याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. सर्व्हर राउटरला वायफायऐवजी तारेने जोडावा. पुष्कळदा चित्र थबकते ते वायफायमुळे, आणि दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो.

एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. जेलीफिनमध्ये हार्डवेअर रूपांतर आपोआप सुरू नसते. ते सेटिंगमध्ये जाऊन निवडावे लागते, नाहीतर नवे यंत्र घेऊनही मंडल रिकामे बसते आणि गाभेच राबतात. प्लेक्स या दुसऱ्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय सशुल्क सदस्यत्वात मिळते. खरेदीपूर्वी तोही खर्च धरावा.

पेढीवरचा जुना संगणकही अडगळीत गेला नाही. त्यात एक वेगळी डिस्क बसवून सर्व चित्रणाची दुसरी प्रत ठेवली गेली आणि तो पेढीवर परतला. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते, पण जुन्या कॅसेटवर एकदा बुरशी चढली की ते लग्न पुन्हा पाहता येत नाही.

नवे यंत्र बसल्यावर पहिल्या रविवारी दुपारी नातवाने व्यवस्थापन पान उघडले. इचलकरंजीचा टॅब जोडलेला होता, रूपांतर सुरू होते आणि प्रोसेसरवर फारसा भार नव्हता. चित्रफीत दोन तासांची होती. तिसरा तास संपत आला तरी टॅब जोडलेलाच दिसत होता, तेव्हा काही अडले असावे असे वाटून त्याने फोन केला.

“अडलं नाही रे,” अक्का म्हणाल्या, “पाठवणी परत लावलीय.”